ब्रेकचं काम

लेक: म्हणजे तुमचं म्हणणं, ब्रेक चांगले आहेत.

मिस्त्री: चांगलेच आहेत, ताई. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत, ऑइल भरलेलं आहे, पाइप कुठं पाझरत नाही. काल दोनदा गाडी वर घेऊन बघितली. आज सकाळी रस्त्यावर फिरवून आणली.

लेक: मग परवा थांबली का नाही? शाळेसमोरच्या वळणावर बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ पेपरवाल्याच्या सायकलवर गेली. तो माणूस उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. सायकलचं पुढचं चाक चपटं झालंय, मी स्वतः बघून आलेय.

मिस्त्री: मला कळलं तशी बाकीची कामं टाकून आधी हीच गाडी तपासायला घेतली.

लेक: त्याचा काय उपयोग? आई जाऊन दीड महिना झाला. तेव्हापासून गाडी अंगणात उभी होती. परवा बाबांनी पहिल्यांदा बाहेर काढली आणि पहिल्याच फेरीला हे. रात्रभर बसमधून प्रवास करून आलेय मी. ही बघा, तुमची बिलं. आईच्या कपाटात साड्यांच्या खाली होती.

मिस्त्री: असतील. काकू कागद जपून ठेवायच्या.

लेक: सव्वा वर्षातली आहेत फक्त. एसीचा कॉम्प्रेसर. पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर. डाव्या दाराची काच वर जात नाही म्हणून तिची मोटर. सायलेन्सर गंजला म्हणून तो. क्लच प्लेट, एकदा नाही, दोनदा. विमा आणि टायर वेगळेच. घेतली तेव्हाच ती गाडी आठ वर्षं कुणीतरी वापरलेली होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मिस्त्री: जुन्या लहान गाडीचं असंच असतं, ताई. पहिली पाच वर्षं ती मालकाची असते, पुढं मिस्त्रीची. कॉम्प्रेसर जाणार, काच अडकणार, गंज खाणार. ते तिचं वय आहे, त्यात माझी लबाडी नाही. हवं तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा.

लेक: आणि क्लच प्लेट?

मिस्त्री: ती गाडीच्या वयानं नाही गेली.

लेक: मग?

मिस्त्री: चालवणाऱ्याच्या पायानं. डावा पाय सतत क्लचवर टेकलेला राहिला की प्लेट जळते. नवी घाला, सहा महिन्यांत परत जळते.

लेक: बाबा चाळीस वर्षं गाडी चालवताहेत. नोकरीत असताना पंपहाउसची जीपसुद्धा तेच चालवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. पाय क्लचवर ठेवलास तर कान उपटीन म्हणायचे.

मिस्त्री: म्हणत असतील. मलाही दोन गोष्टी त्यांनीच शिकवल्यात. इंजिन नुसतं ऐकून कुठला व्हॉल्व वाजतोय ते सांगायचे. अजून सांगतात.

लेक: तुम्ही विषय बदलताय. हे सगळ्यात खालचं, जुनं बिल बघा. बाकी सगळ्यांवर कुठला पार्ट ते लिहिलंय. ह्यावर नुसतं ‘ब्रेकचं काम’. कसलं काम? काय बदललंत तुम्ही तेव्हा?

मिस्त्री: बदललं काही नाही.

लेक: मग पैसे कशाचे घेतले?

मिस्त्री: ताई, तुम्ही जरा त्या स्टुलावर बसता का?

लेक: मी उभी आहे ती ठीक आहे. चौदा महिन्यांपूर्वी तुम्ही ह्या ब्रेकला हात लावला आणि परवा तो लागला नाही. मला सरळ उत्तर हवंय.

मिस्त्री: काकूंना शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून. आता शब्द मागणारीच राहिली नाही. या इकडं. डावं दार उघडा, बसायच्या जागेपुढं खाली बघा. मॅट उचला.

लेक: हे काय आहे?

मिस्त्री: ब्रेक.

लेक: ह्या बाजूला?

मिस्त्री: गाडी शिकवणाऱ्या शाळांच्या गाड्यांना असतो तसा. शिकणारा चुकला तर शेजारी बसलेल्या मास्तरनं दाबायचा. आतून सळई टाकून पलीकडच्या ब्रेकला जोडलाय. इकडचा दाबला की तिकडचाही खाली जातो. ते ब्रेकचं काम.

लेक: इथं तर आई बसायची.

मिस्त्री: हो.

लेक: आईला गाडी येत नव्हती. सायकलसुद्धा येत नव्हती तिला.

मिस्त्री: गाडी येत नव्हती. थांबवता येत होती. मी शिकवलं. क्लच प्लेटसाठी गाडी तीन दिवस माझ्याकडं होती, तेव्हा त्या रोज दुपारी बसनं यायच्या. काकांना सांगून यायच्या की शिवणाच्या बाईकडं जाते. मागं मोकळं मैदान आहे ना, तिथं मी चालवायचो आणि त्या दाबायच्या. पहिल्या दिवशी माझं कपाळ काचेवर आपटलं. त्यांनी आधी कपाळ बघितलं आणि मग म्हणाल्या, चला, परत.

लेक: पण कशासाठी?

मिस्त्री: काकांच्या पायातली जाणीव गेलीय, ताई. साखरेच्या आजारानं. उजव्या पायातलं तर काहीच उरलेलं नाही. ब्रेकवर पाय आहे की शेजारी मोकळ्या जागेत, त्यांना कळत नाही.

लेक: कोण म्हणालं?

मिस्त्री: डॉक्टर म्हणाले काकूंना. काकांनाही सांगितलं होतं, पण काका म्हणाले, जरा मुंग्या येतात एवढंच. डॉक्टर गाडी बंद करा म्हणाले, तर काकांनी डॉक्टर बंद केला.

लेक: काल रात्री त्यांच्या बुटातून मी खडा काढला. हरभऱ्याएवढा. दिवसभर त्याच्यावर चालत होते, खाली फोड आलेला. मी म्हटलं, बाबा, टोचलं नाही का? तर म्हणाले, लक्ष नव्हतं.

मिस्त्री: लक्ष असून काय करतील.

लेक: मग वर्षभर गाडी चालवली कशी त्यांनी?

मिस्त्री: कानानं. इंजिनाचा आवाज चढला की त्यांना समजायचं पाय किती दाबलाय. आवाज उतरला की समजायचं पाय उचलला. त्यात ते चुकायचे नाहीत. पण ब्रेकला आवाज नसतो. तेवढं काकूंनी घेतलं.

लेक: आणि बाबांना पत्ता नाही?

मिस्त्री: नाही. काकू दाबायच्या, तिकडं काकांच्या पायाखाली ब्रेक जायचा, गाडी थांबायची. त्यांना वाटायचं आपणच दाबला. वाकता येत नाही त्यांना, म्हणून आतून गाडी पुसायचं काम काकूंनी स्वतःकडं घेतलं. वर मॅट, मॅटवर कापडी पिशवी. कुणाला दिसणार?

लेक: तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर बोलायचो आम्ही.

मिस्त्री: तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती.

लेक: घेतलीच असती. घ्यायलाच हवी होती. शाळा आहे त्या रस्त्यावर. आईला झोप लागली असती, शिंक आली असती, मग? तुम्ही दोघांनी मिळून काय केलंत, कळतंय का तुम्हाला? माझी आई होती म्हणून मी तिला देवी म्हणणार नाही.

मिस्त्री: म्हणू नका. मीही आधी नाहीच म्हटलं होतं. त्या ह्याच स्टुलावर बसल्या, सकाळी दहा ते दुपारी चार. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या. चार वाजता एवढंच म्हणाल्या, नोकरी संपली, मित्र एकेक करून गेले, आता गाडी नेली तर हा माणूस खुर्चीत बसेल आणि परत उठणार नाही. मी ओळखते त्याला. तू नाही केलंस तर मी दुसऱ्याकडून करून घेईन, आणि तो वाईट करेल.

लेक: हे अगदी तिचंच बोलणं.

मिस्त्री: म्हणून केलं. चुकलं असेल. पण माझी खरी चूक ती नाही, ताई. काकू गेल्या तेव्हा मी घरी आलो होतो. गाडीवर कव्हर घातलेलं बघितलं. मनात म्हटलं, आता ही कोण चालवतंय? आणि निघून आलो. तेव्हाच तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. त्या गर्दीत तोंड उघडलं नाही माझं. तो पेपरवाला गेला असता तर ते माझ्या डोक्यावर होतं.

लेक: तुमच्या एकट्याच्या नाही. गाडीवर कव्हर घालणारी मीच. किल्ली खुंटीवर टांगून गेले.

मिस्त्री: आता काय करायचं ते सांगा. काका अकराला येतो म्हणालेत.

लेक: चालत येणार आहेत. ऐकत नाहीत. साडेदहा झालेत.

मिस्त्री: एक सुचवू? मी सांगतो की खालचा सांगाडा गंजून गेलाय, दुरुस्त होण्यासारखा नाही, ही भंगारात घालायची. माझं ऐकतील. विषय संपला. काकूंचंही झाकलेलं राहील.

लेक: सांगाल?

मिस्त्री: सांगेन. इतकं लपवलं, त्यात आणखी एक.

लेक: मला आत्ता खरंच तेच हवंय. तुम्ही सांगावं, मी मान डोलवावी आणि रात्रीची बस पकडावी.

मिस्त्री: मग तसंच करू.

(फाटकातून बाबा येतात. काठी नाही, एक हात भिंतीला. उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून थांबतात.)

बाबा: मास्टर सिलिंडर असणार. मी येता येता विचार केला. दाबलं आणि काही लागलंच नाही, म्हणजे आतलं रबर गेलं. बरोबर ना, मिस्त्री?

मिस्त्री: काका, बसा आधी. दमला असाल.

बाबा: बसायला नाही आलो. उघडलास का सिलिंडर?

मिस्त्री: काका, खरं सांगायचं तर ह्या गाडीत आता काही राहिलं नाही. खालून सगळा सांगाडा गंजलाय. मी म्हणतो, काढून टाका.

बाबा: कुठं गंजलाय?

मिस्त्री: खालून. सगळीकडं.

बाबा: अरे, मागच्या वर्षी तूच खाली काळा रंग मारलास. सांगाडा उत्तम आहे म्हणालास. किल्ली लाव. तू बस आत, चालू कर, मला ऐकू दे.

मिस्त्री: काका...

बाबा: चालू कर रे.

लेक: करा चालू.

बाबा: हं. ऐक, किती सरळ चाललंय. पट्टा जरा ओरडतोय, बाकी काही नाही. आता फाटकापर्यंत ने आणि जोरात ब्रेक दाब. बघू किती सरकते.

लेक: बाबा, राहू दे.

बाबा: राहू दे काय? ज्यात बिघाड आहे ते बघायला नको? दाब, मिस्त्री. आणखी जोरात ने. आता.

लेक: थांबली.

बाबा: थांबली. हातभरसुद्धा सरकली नाही. दुरुस्त केलास म्हणजे तू. मग गंजाचं कशाला सांगत होतास?

मिस्त्री: मी काही दुरुस्त केलं नाही, काका. तुम्ही आणली तशीच आहे.

बाबा: आणली तशी आहे, तर परवा का नाही लागला?

लेक: बाबा, इकडं बघा. माझ्याकडं.

बाबा: बघतोय की.

लेक: काल रात्री तुमच्या बुटातून खडा काढला मी.

बाबा: त्याचं काय आता? किती वेळा तेच सांगशील?

लेक: तुमच्या उजव्या पायाला आत्ता काही वाटतंय?

बाबा: काय वाटायचंय? पाय आहे, बूट आहे.

लेक: खाली बघा.

बाबा: तू... काढ तो पाय.

लेक: काढला.

बाबा: कधीपासून उभी होतीस माझ्या पायावर?

लेक: तुम्ही किल्ली लाव म्हणालात तेव्हापासून. सगळा भार टाकून.

बाबा: बुटाचं कातडं जाड आहे.

लेक: बाबा.

बाबा: दुखलं नाही म्हणजे काही नाही असं थोडंच आहे? मी चालत आलो ना इथवर?

लेक: भिंत धरून आलात. परवा तुम्ही दाबलंत, पण ब्रेक नाही दाबला. त्याच्या शेजारची मोकळी जागा दाबलीत. पायाला कळलं नाही.

बाबा: उगाच काहीतरी सांगू नकोस. वर्षभर चालवली मी मुंग्या येत असताना. बाजार, बँक, दवाखाना. तुझ्या आईला घेऊन पार तुझ्या घरापर्यंत आलो. कधी एक ओरखडा आला का गाडीला? विचार ह्याला. तेव्हा कसा लागायचा ब्रेक?

मिस्त्री: ताई, बघा हं. अजूनही...

लेक: नाही मिस्त्री. आईनं लपवलं कारण ती रोज शेजारी बसणार होती. मी बसणार नाही. आज भंगाराचं सांगितलं तर उद्या ते दुसरी जुनी गाडी घेऊन येतील. बाबा, गाडीच्या ह्या डाव्या बाजूला या. माझा हात धरा. दाराला धरून वाका. जमेल तेवढंच.

बाबा: काय आहे तिथं?

लेक: हात लावा. पाय नको, हातच लावा.

बाबा: पेडल आहे. ह्या बाजूला कसं आलं?

लेक: आईनं बसवून घेतलं. चौदा महिन्यांपूर्वी. ब्रेक तुम्ही लावत नव्हतात, बाबा. आई लावायची.

बाबा: कोण म्हणतं?

मिस्त्री: मी बसवलं, काका. ह्या हातांनी. मीच शिकवलं त्यांना.

बाबा: ती सारखी म्हणायची, थांबा, पुढं सिग्नल आहे. थांबा, म्हातारी रस्ता ओलांडतेय. मी चिडायचो. मला दिसतंय म्हणायचो. मग गाडी थांबायची.

मिस्त्री: तुम्हीही पाय टाकावा म्हणून बोलायच्या. आणि त्याच वेळी दाबायच्या.

बाबा: मी तर बघ म्हणायचो तिला. डॉक्टर म्हणतो पाय गेला, बघ कशी जागच्या जागी उभी केली.

लेक: ती काय म्हणायची?

बाबा: पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढून घ्यायची.

लेक: बाबा, बसा आता. कमरेला त्रास होईल.

बाबा: थांब जरा. ह्याचं रबर बघ. मधोमध गुळगुळीत झालंय. टाचेनं दाबायची वाटतं.

मिस्त्री: चप्पल काढून दाबायच्या. म्हणायच्या, अनवाणी पायाला बरोबर कळतं किती दाबायचं ते.

बाबा: उन्हाळ्यातसुद्धा?

मिस्त्री: नेहमीच.

बाबा: मला हात दे. उठव. तो पेपरवाला कुठं बसतो, तू बघितलंस ना?

लेक: शाळेच्या भिंतीजवळ.

बाबा: आधी त्याच्याकडं जायचं. सायकल भरून द्यायची ती आहेच, पण त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं, ब्रेक गेला नव्हता म्हणून. मी सगळ्यांना सांगत सुटलो, मिस्त्रीनं काम वाईट केलं. तेही खोडून काढायला हवं.

मिस्त्री: माझं राहू द्या, काका.

बाबा: राहू कसं द्यायचं? तुझ्या पोटावर पाय देत होतो मी. तोसुद्धा मला कळला नाही. गाडीला लावलेली किल्ली काढून घे गं. दुसरी एक घरी देव्हाऱ्याच्या फळीवर आहे, तीही तू घे. माझ्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस. आज पटलंय, उद्या मी भांडेन तुझ्याशी.

लेक: भांडा. मी देणार नाही.

बाबा: देऊ नकोस.

मिस्त्री: काका, हे पेडल काढून टाकू का? गाडी विकायची तर काढावं लागेल.

बाबा: दाबायची कशी रे ती? मला कधी धक्का बसल्याचं आठवत नाही.

मिस्त्री: पहिले दोन दिवस जोरात दाबायच्या. मग हात एकदम बसला. आधी हळूच, मग थोडं, मग पूर्ण. तुम्हाला कळू नये म्हणून तसंच शिकायचं होतं त्यांना. तीस वर्षं मी गाड्या चालवतोय, इतका हलका ब्रेक माझा लागत नाही.

बाबा: आणि मी तिला प्रत्येक वेळी म्हणायचो, तू गप्प बस, तुला गाडीतलं काही कळत नाही.